‘भरा’ की ‘मरा’? : होर्डिंगवरच्या अक्षरांचे गणित

रस्त्यालगतचा जाहिरात फलक, म्हणजेच होर्डिंग, किती प्रभावी ठरेल हे त्यावरच्या चित्रापेक्षा आधी मानवी डोळ्याची क्षमता ठरवत असते. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरतक्ता आजही दृष्टितपासणीसाठी वापरला जातो आणि त्याचे गृहीतक असे आहे की, निरोगी डोळ्याला दोन रेषांमधली फट ओळखता यावी यासाठी त्या फटीने डोळ्याशी किमान एक कोनमिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका कोन करायला हवा. १०० मीटर अंतरावर ही फट सुमारे ३ सेंटिमीटर भरते. त्याहून बारीक फट तेथून बुजलेलीच दिसते.

देवनागरीत हा हिशेब अधिक नाजूक होतो, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार अशा तीन थरांत मजकूर विभागलेला असतो, तर ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांतला भेद मुख्यतः डोक्याकडच्या वळणावर आणि शिरोरेषेतल्या फटीवर टिकून असतो. ‘कर वेळेवर भरा’ हे आवाहन उठावदार दिसावे म्हणून फार जाड ठशात छापले, तर ती फट भरून जाते आणि लांबून ‘मरा’ वाचले जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून येथे अक्षराच्या उंचीपेक्षा त्यातला सर्वांत बारीक फरक आधी मोजावा लागतो.

वेळही तुटपुंजा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन १०० मीटर अंतर ६ सेकंदांत कापते आणि त्यातलाही बराच काळ चालकाची नजर रस्त्यावरच असावी लागते. वाचताना नजर सलग सरकत नाही, ती उड्या घेत प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते. त्यामुळे मोजक्या शब्दांपलीकडचा मजकूर वाया जातो. रंगांतही छटांच्या वेगळेपणापेक्षा उजळ-गडद हा फरक महत्त्वाचा असतो, म्हणून पिवळ्यावर काळे ठळक उठते, तर सारख्याच उजळपणाच्या तांबड्यावर हिरवे लिहिलेले विरून जाते.

४० फूट रुंदीचे होर्डिंग १०० मीटरवरून जेवढे दिसते, तेवढाच ६० सेंटिमीटरवर धरलेला ७ सेंटिमीटरचा कागद दिसतो, आणि हा कागद व्हिजिटिंग कार्डाहूनही लहान असतो. संगणकाच्या पडद्यावर प्रशस्त वाटणारा आराखडा त्या मापात छापून हात लांब करून वाचला, की फोन क्रमांक, शाखांची यादी आणि ‘भ’ची फट यांपैकी काय उरते ते कळते.