डाग पांढरा, ताट वेगळे कशाला?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका शेजाऱ्यांच्या घरी गेलो होतो. मुले जेवायला बसली होती. चार वर्षांची धाकटी मात्र उंबऱ्याशी, वेगळ्या ताटलीत जेवत होती. आजी म्हणाली, "हिला कोड फुटलंय, दुसऱ्या पोरांना लागू नये म्हणून." आम्ही सुन्न झालो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणीसुद्धा वरून ओतून मिळाले, त्यांच्याच घरात नातीचे ताट वेगळे! म्हणूनच हे लिहीत आहोत.

आंघोळ घालताना आईला पापणीच्या कडेला आणि गुडघ्यावर दुधासारखे पांढरे डाग दिसले होते. खाज नव्हती, आग नव्हती. मग जंतांचे औषध, अंगारा-धुपारा यात दोन महिने गेले.

कोड म्हणजे काय, ते समजून घेऊ. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून उलटते आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. यात कसलाही जंतू नसतो. त्यामुळे ताटाने, टॉवेलने किंवा पापी घेतल्याने कोड लागत नाही. ते मागच्या जन्माचे पाप नव्हे. 'श्वेतकुष्ठ' हे नावच चुकीचे आहे. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर आणि बहुधा बधिर असतो. कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो.

प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. मुलांच्या गालावर फिकट, कोरडे चट्टे सर्रास येतात. शिबे बुरशीमुळे येतात. घरी तर्क करत बसू नये. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तेथे केसपेपर काढून दाखवावे. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली डाग तपासतात. काही मुलांची थायरॉइडची तपासणीही सांगतात.

डाग नवा असताना उपचार सुरू केले तर गुण येण्याची शक्यता अधिक. बहुतेक वेळा सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसचे मलम देतात. मूल थोडे मोठे, मशीनमध्ये स्थिर उभे राहण्याइतके झाले की नॅरोबँड यूव्हीबी किरणांचाही उपाय असतो. चेहऱ्यावरचे डाग लवकर भरतात. बोटांची टोके, ओठ, पावले सहजी दाद देत नाहीत. फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, म्हणून मलम मध्येच सोडू नये. स्टिरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने वर्षभर चोळूही नये, त्याने कातडी पातळ होते.

माताभगिनींनी एवढे जरूर सांभाळावे. दूध, मासे, दही, लिंबू बंद करू नये. त्याने कोड वाढत नाही, पोर मात्र अशक्त होते. बावचीचे तेल लावून उन्हात बसवू नये, फोड येतात. काचणारा करदोटा आणि चड्डीचे घट्ट इलॅस्टिक टाळावे, कारण घासलेल्या जागी नवे डाग उठू शकतात. चिकटणारी टिकली लावू नये. तिच्या गोंदातील रसायनाने रंग उडू शकतो. डागावर ऊन लवकर भाजते, म्हणून टोपी आणि लांब बाह्या घालाव्यात.

"पोरीच्या लग्नाचं काय?" हा आजीचा दुसरा प्रश्न. 2006 सालच्या 'नितळ' या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न समाजापुढे ठेवला होता. पण चार वर्षांच्या मुलीपुढे लग्नाची चिंता कशाला? तिला शाळेत कोणी चिडवले तर काय सांगायचे, ते शिकवावे: "माझा रंग तिथला गेलाय, तो कुणाला लागत नाही." बाईंना आपण आधीच भेटून सांगावे.

ती मुलगी आता पालिकेच्या रुग्णालयात जाते. पापणीचा डाग भरत आला आहे, गुडघ्याचा तसाच आहे. परवा आम्ही गेलो, तेव्हा ती भावंडांच्या मध्ये बसून जेवत होती, आणि आजीच तिला वाढत होती.