वर्ध्यात कुंभाराच्या चाकावर छप्पर तयार झालं, तरी गावागावांत स्लॅबच का पडतोय?

मे महिन्यात वर्ध्याला गेलात कधी? पारा ४५ च्या आसपास असतो. अशा उन्हात सेवाग्रामच्या बापू कुटीत शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. एसी नाही, कूलर नाही. मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा आणि वर कवेलू.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, तेव्हा त्यांची अट होती की घर स्थानिक सामानाचं आणि पाचशे रुपयांच्या आतलं हवं. चांगल्या घराचं सामान पाच मैलांच्या परिसरातच मिळावं, हा त्यांचा विचार वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी उचलला आणि पुढे केरळात शेकडो घरं त्याच वाटेने बांधली.

आपण कुटीसमोर फोटो काढतो आणि निघतो. पण वर्ध्याची बांधकामातली गोष्ट तिथे थांबत नाही.

१९७६ मध्ये देवेंद्र कुमार यांनी वर्ध्यात 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' ही संस्था सुरू केली. तिने हात घातला तो छपराला. गरिबाच्या घरात भिंती कशाही उभ्या राहतात, पैसा खातं ते छप्पर. लाकूड महाग, लोखंड महाग, आणि टिनाखाली उन्हाळ्यात भाजून निघायचं.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे 'वर्धा टंबलर' छप्पर. चहाच्या टपरीवर ग्लास एकात एक घालून ठेवलेले असतात ना, अगदी तसं. कुंभार चाकावर निमुळत्या, पोकळ, पेल्यासारख्या नळ्या घडवतो आणि भाजतो. त्या एकात एक घालत गेलं की कमान तयार होते. अशा कमानी शेजारी शेजारी बसवायच्या आणि वरून मसाल्याचा थर द्यायचा. कमानीत वजन दाबाच्या रूपात खाली उतरतं आणि भाजलेली माती दाब चांगला सोसते, म्हणून सळया लागत नाहीत. नळ्यांमधली हवा उष्णता अडवते. एक अडचण आहे: कमान भिंतींना बाहेर ढकलते, त्यामुळे भिंती जाड हव्यात किंवा त्यांना ताण देऊन बांधावं लागतं. म्हणजे जाणकार मिस्त्री हवाच.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही?

लोकांना जुनं सोडवत नाही, असं सोपं उत्तर दिलं जातं. मला ते पटत नाही. मोठा अडथळा कागदावर आहे. सरकारी बांधकामाचं अंदाजपत्रक दरसूचीवरून निघतं. एखादी वस्तू त्या सूचीत नसेल, तर इंजिनिअरला तिचा दर लावता येत नाही. लावलाच आणि उद्या गळती झाली, तर जबाबदार तोच. स्लॅब गळला तर कोणी विचारत नाही, कारण स्लॅब 'नियमात' आहे! मातीच्या घराला कर्ज मिळवायला गेलात, तर बँकही कुरकुरते.

त्यात 'कच्चं' आणि 'पक्कं' हे दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मातीच्या भिंतीचं घर कच्चं धरलं जातं. दुसरीकडे सिमेंट वगैरे मिसळून केलेल्या मातीच्या विटांसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानक आहे, आणि मातीची घरं भूकंपात टिकावीत म्हणून आयएस १३८२७ सुद्धा. मानक आहे, पण मान नाही. सपाट भागात सव्वा लाखाच्याही आतली, १ लाख २० हजारांची मदत हप्त्याहप्त्याने मिळणारं कुटुंब हप्ता अडकण्याचा धोका कशाला घेईल? ते आपलं शेजाऱ्यासारखंच घर बांधतं.

सरकारने मनावर घेतलं तर चित्र बदलतं, याचंही उदाहरण आहे: राखेच्या विटा. १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांमध्ये राख वापरणं बंधनकारक केलं. पुढे हे अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटर झालं. कोराडी आणि चंद्रपूर यांच्या मधोमध असलेला वर्धा त्यात आपोआप आला. वीट नवी होती, पण नियमाने तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

नव्या तंत्राला सरकारी शिक्का मिळायची सोयही आहे. केंद्राची बीएमटीपीसी ही संस्था १९९० पासून काम करतेय. मानकांत न बसणारी सामग्री तपासून ती प्रमाणपत्र देते. २०२१ मध्ये सहा शहरांत 'लाइट हाऊस प्रोजेक्ट'ची पायाभरणी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ. प्रत्येक ठिकाणी साधारण हजार घरं, सगळी इमारतींमधली. कंपनीला प्रमाणपत्राचा खर्च परवडतो. कुंभाराच्या नळीसाठी अर्ज कोण करणार?

म्हणूनच घरकुल मंजूर झालं असेल, तर पाया खोदण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारा की कोणकोणते नमुने चालतात. या योजनेत घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, ठेकेदाराने नाही. ग्रामीण विकास मंत्रालयाने राज्यांतल्या हवामानानुसार घरांच्या नमुन्यांचा 'पहल' नावाचा संग्रहही काढलाय, त्यात महाराष्ट्र आहे. त्यातला नमुना दाखवून बोललात, तर 'हे नियमात नाही' म्हणणं समोरच्याला जरा अवघड जातं.