किल्ली फिरवण्यापूर्वी

मागे एकदा आम्ही मुलांना घेऊन एक कारखाना पाहायला गेलो होतो. माल न्यायला आलेला ट्रक दारात उभा होता. पण फोर्कलिफ्टचा चालक गाडीवर न बसता, हातात तक्ता घेऊन तिच्याभोवती फिरत होता. "रोज रोज काय बघायचं असतं?" एका मुलाने विचारले. या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

फोर्कलिफ्ट ही चाकांवरची तरफ आहे. पुढची चाके म्हणजे टेकू. एका बाजूला काट्यांवरचा माल आणि दुसऱ्या बाजूला गाडीचे स्वतःचे वजन. समजा, गाडी २७०० किलोग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या मागे ०.७५ मीटरवर आहे. गुणाकार येतो २०२५. माल १५०० किलोग्रॅमचा असून त्याचा गुरुत्वमध्य आसापुढे ०.९ मीटरवर असेल, तर गुणाकार १३५०. गाडी स्थिर राहील. तोच माल काट्यांच्या टोकाकडे ठेवल्याने हे अंतर १.४ मीटर झाले, तर गुणाकार २१००! मागची चाके जमिनीवरून सुटतील. फोर्कलिफ्ट वळते ती मागच्या चाकांनीच. म्हणजे ताबाही गेला.

आता टायर पाहा. एका बाजूची हवा कमी होऊन गाडी केवळ २ अंशांनी कलली, तर ४ मीटर उंचीवरचा माल सुमारे १४ सेंटिमीटर बाजूला सरकतो. बहुतेक फोर्कलिफ्टमध्ये मागचा आस मध्यभागी खिळीवर डुलता असतो. म्हणून चाके चार असली, तरी आधार तीन बिंदूंचाच. त्या त्रिकोणाबाहेर गुरुत्वमध्य गेला, की गाडी आडवी!

काट्यांची जाडी का तपासायची? वाकण्याला विरोध करण्याची पट्टीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. काटा १० टक्के झिजला तर ०.९ × ०.९ = ०.८१, म्हणजे ताकद जवळजवळ २० टक्क्यांनी घटली. झीज डोळ्यांना किरकोळ वाटते, हिशेबात ती दुप्पट भरते.

माल उचलला जातो तो पास्कलच्या नियमाने, तेलाच्या दाबावर. नळीला सुईएवढे छिद्र असले तरी त्यातून सुटणारी तेलाची धार कातडीत घुसू शकते. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते. पुठ्ठा धरून पाहायची. मग गाडी सुरू करून ब्रेक, सुकाणू, भोंगा आणि काट्यांची वर-खाली हालचाल तपासायची. आसनाचा पट्टाही पाहायचा. गाडी उलटताना उडी मारणारा चालक तिच्याच छताखाली सापडू शकतो.

अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांनुसार फोर्कलिफ्ट वापरण्यापूर्वी दररोज तपासावी लागते. रात्रंदिवस चालणारी असेल, तर प्रत्येक पाळीनंतर.

त्या दिवशी चालकाला गाडीखाली तेलाचे ताजे थेंब दिसले. त्याने तक्त्यावर नोंद केली, किल्ली काढून पर्यवेक्षकांच्या हाती दिली. "ट्रक खोळंबलाय हो!" ते कुरकुरले. "खोळंबू दे साहेब," तो म्हणाला, "काट्यांखालून माणसं जातात." पर्यवेक्षकांनी किल्ली खिशात टाकली आणि मेकॅनिकला बोलावणे धाडले.

मघाचा तो मुलगा आता खाली वाकून ते थेंब पाहत होता.