पोर्ट लुई बंदरात एक दिवस

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणून आधी बंदर म्हणजे काय, ते पाहू. बंदर म्हणजे जहाजांचा थांबा. लांबच्या सफरीवरचे जहाज वाटेत बंदराला लागते. तेथे पाणी, तेल, भाजीपाला भरून घेतात. तेवढ्या वेळात उतारूंना शहर पाहून येता येते. मात्र परतायची वेळ नीट वाचून ठेवावी. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. पोर्ट लुई ही त्याची राजधानी आणि मोठे बंदर. समजा, आपण सकाळी तेथे उतरलो. तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात. नोट हातात घेऊन पाहा. तिच्यावर इंग्रजी आणि तमिळ अक्षरांबरोबर आपली देवनागरी अक्षरेही आहेत! बाजारात दालपुरी मिळते. दिसायला पुरणपोळीसारखी, पण गोड नाही.

परक्या मुलखात हे आपले कसे आले? त्यासाठी बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर जावे. तेथे दगडाच्या १६ पायऱ्या आहेत.

१८३३ साली इंग्रजांनी गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मग उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडले. ते हिंदुस्थानातून नेऊ लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजूर येथे उतरले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसे आली. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. घाटावर त्यांची नावे लिहून घेत, दोनेक दिवस ठेवत आणि मळ्यावर धाडत.

ही माणसे करार करून आली होती. कराराला ती 'गिरमिट' म्हणत. पण पुष्कळांना वाचता येत नव्हते. कागदात काय लिहिले आहे, ते दुसरा सांगेल तेवढेच कळे. त्यांनी नुसती खूण केली आणि वर्षानुवर्षे ऊस तोडला. काही जण परत आले. बहुतेक तेथेच राहिले.

त्यांची नातवंडे-पतवंडे आज तेथील नागरिक आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवतात. २००६ साली हा घाट जागतिक वारसा ठरला.

संध्याकाळी आपण जहाजावर परत येतो, कारण वेळ आपण वाचलेली असते. कामासाठी गाव सोडणे आपल्याकडेही चालूच आहे. तेव्हा उचल घेताना, मुकादमाच्या कागदावर सही करण्याआधी तो स्वतः वाचा. किती दिवस, किती मजुरी, परत कधी, हे त्यात आहे का ते पाहा. मगच सही करा.