भक्-ती की भ-क्ती?

आमच्या हौशी गायकवृंदात गेल्या वर्षी टेनर मंडळींनी एक सूर दीड मात्रा धरला. बाकीचे तीन आवाज पुढे निघून गेले. नंतर कळलं, मी हाताने लिहिलेल्या कागदावर त्या सुरापुढे चहाचा थेंब पडला होता. पाश्चात्त्य स्वरलेखनात सुरापुढचं टिंब त्याची लांबी दीडपट करतं. टेनर बिचारे बरोबरच गात होते.

त्या रात्री मी स्वरलेखन छापणारं लिलीपॉन्ड उतरवून घेतलं. फुकट आणि मुक्त अशी दोन सॉफ्टवेअर्स हाताशी होती. म्यूझस्कोरमध्ये पाच रेघांवर माउसने सूर ठेवत जायचं. बहुतेक लोक तेच वापरतात आणि त्यात गैर काहीच नाही. लिलीपॉन्डमध्ये मात्र रेघा दिसतच नाहीत. कोऱ्या पानावर अक्षरं टाइप करायची: सी, डी, ई. अक्षरापुढे ४ लिहिलं तर चतुर्थांश, ८ लिहिलं तर त्याच्या निम्मा. फाइल चालवली की पीडीएफ बाहेर येतं. काम करताना आपण चित्र काढत नाही, गाणं सांगत असतो. हा फरक मला फार उशिरा कळला.

पहिला फटका शार्पने दिला. गाणं जी मेजरमध्ये होतं, म्हणजे एफ सगळीकडे शार्प. ती खूण ओळीच्या सुरुवातीलाच असते, म्हणून मी खुशाल नुसतं एफ लिहीत गेले. पान उघडलं तर जागोजागी नॅचरलची चिन्हं उगवलेली! लिलीपॉन्डचं म्हणणं सरळ होतं: तू एफ म्हणालीस, मी एफ छापला. शार्प हवा तर दर वेळी ‘फिस’ म्हण. (हे नाव डच. सॉफ्टवेअर नेदरलंड्समधलं, म्हणून मुळात सुरांची नावंही तिथलीच. हवी तर बदलता येतात.) चिडचिड ओसरल्यावर लक्षात आलं, हे तर आपण लहानपणापासून करतोय. यमनात मध्यम तीव्रच असतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तरी भातखंडे पद्धतीत प्रत्येक ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ द्यावीच लागते. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारला वर टिंब. इथे टिंबांच्या जागी स्वल्पविराम आणि अपॉस्ट्रॉफी. क्रमिक पुस्तकं घोटलेल्या माणसाला ही फाइल पाच रेघांपेक्षा लवकर ओळखीची वाटते.

अर्थात ओळख झाली म्हणून चुका थांबत नाहीत. एका सोयीत प्रत्येक सूर आधीच्या सुराच्या जवळात जवळ बसतो, त्यामुळे सप्तकाच्या खुणा कमी लागतात. त्यात मी एक अपॉस्ट्रॉफी विसरले आणि तिथून पुढची सगळी सोप्रानो एक सप्तक खाली, जादा रेघांच्या शिडीवरून विहिरीत उतरल्यासारखी गेली. मात्रांचं मात्र चुकवता येत नाही. बार संपतो तिथे उभी रेघ टाइप करायची. हिशेब जुळला नाही तर कुठे चुकलं ते लगेच सांगतं. तबलजीने सम दाखवावी तसं.

पान इतकं देखणं का येतं, यामागे एक जुना प्रश्न आहे. १९९६ मध्ये हान-वेन निन्हाइस आणि यान न्यूवनहाउझन यांनी लिलीपॉन्डचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांना सतावत होतं ते हे: संगणकाने छापलेली पानं हाताने कोरलेल्या पानांपुढे इतकी निर्जीव का दिसतात? जुने युरोपी कारागीर मऊ धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून सगळं उलटं कोरत, आरशातल्यासारखं. जागा मोजण्यापेक्षा त्यांचा भरवसा नजरेवर. दुप्पट लांबीचा सूर दुप्पट जागा घेत नाही, थोडी जास्त घेतो. वर दांडी असलेल्या सुरामागून खाली दांडीचा सूर आला तर दोन दांड्या जवळ येतात आणि सूर चिकटल्यासारखे दिसतात. तिथे किंचित जास्त अंतर सोडायचं. उलट क्रम आला तर थोडं कमी. डोळ्याला समान वाटावं म्हणून मापात असमान. ही नजर नियमांत बसवायला या दोघांना वर्षं लागली, आणि पुढे जगभरचे हौशी लोक त्यात हातभार लावत गेले. लिलीपॉन्डच्या संगीतचिन्हांच्या फॉन्टचं नाव एमेन्टालर आहे, भोकाभोकांचं स्विस चीज. डच माणसाचा विनोद असणार.

माझी खरी परीक्षा शब्दांनी घेतली. देवनागरी छान उमटते. शब्द तोडून प्रत्येक तुकडा एकेका सुराखाली टाकायचा, मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा. आकार लांबला तर शब्दापुढे ओढ जाते. आपल्या ऽ चं काम तीच करते. पण ‘भक्ती’ कुठे तोडायची? कागदावर भ-क्ती. गळ्यात मात्र भक्-ती: पहिल्या सुरावर क् चा अडसर आणि मग ती. मी गळ्याचं ऐकलं, भ ला क् जोडून पाय मोडला. बासमधले काका म्हणाले, “अगं, हे शुद्धलेखनात बसतं का?” नाही बसत. पण गाताना बसतं.

मग सगळे शब्द सरकले. दुसऱ्या कडव्यापासून प्रत्येक अक्षर एक सूर आधी. दोन रात्री मी देवनागरीला दोष दिला, हलन्ताला दोष दिला. शेवटी लिलीपॉन्डच्या जाणत्यांना विचारायचं ठरवलं. या लोकांची एक रीत आहे: पूर्ण फाइल पाठवू नका, बिघाड दिसेल एवढा सगळ्यात लहान तुकडा पाठवा. मला ते आधी उद्धट वाटलं. तरी बसून छाटायला लागले. आल्टो गेली, टेनर, बास गेले, पहिलं कडवं गेलं. चारशेच्या वर ओळी होत्या, त्या सहावर आल्या. सहाव्या ओळीत ‘भक्’, आडव्या रेघा आणि ‘ती’ यांच्यामध्ये जागा सुटलेल्या नव्हत्या. दोन स्पेसअभावी अख्खी भक्ती एकाच सुराला जाऊन चिकटली होती आणि नंतरचे सगळे शब्द एक सूर आधी आले होते. प्रश्न पाठवायची वेळच आली नाही. नंतर एकाशी बोलले तर तो म्हणाला, निम्मे प्रश्न असेच पाठवण्याआधी सुटतात, म्हणून तर ती रीत.

रविवारच्या तालमीला नवीन कागद वाटले. पानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे सरळ गायला लागले. मी थोडी हिरमुसले, खरं सांगायचं तर. चहाच्या वेळी आल्टोच्या खुर्चीवरचा कागद उचलला. माझ्या ‘भक्-ती’वर पेन्सिलीने काट मारून कुणीतरी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: भ-क्ती.