वाचलेल्या वेळाचा जमाखर्च

जॉन मेनार्ड केन्स या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली, जगभर मंदीने थैमान घातले असताना, नातवंडांच्या काळाविषयी एक आशादायी निबंध लिहिला. आणखी शंभर वर्षांनी माणसाची पोटापाण्याची विवंचना संपलेली असेल, आठवड्याला पंधरा तास काम पुरेसे होईल आणि उरलेल्या वेळाचे करावयाचे काय, हाच मानवजातीपुढचा यक्षप्रश्न असेल, असे त्याचे भाकीत होते. या भाकिताची मुदत २०३० साली संपते. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही ते ऐकवावे. हसण्यापुरती जागा मिळाली, तर तो खचितच हसेल.

केन्सचे भाकीत कचेरीतल्या आणि कारखान्यातल्या कामाविषयी होते. मला मात्र, अर्थशास्त्र शिकवण्याचा व्यवसाय आणि संसार अशा दोन्ही आघाड्या सांभाळत असल्यामुळे, तोच हिशेब घराच्या चार भिंतींत मांडून पाहण्याचा मोह होतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय बिऱ्हाडात आज मिक्सर, फ्रिज, धुलाईयंत्र, मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करणारे यंत्र, इन्व्हर्टर आणि बहुधा घरघंटी एवढा सरंजाम असतोच. अलीकडे तर लादी पुसणारा एक चपटा यंत्रमानवही खाटेखाली फिरताना आणि चपलेला अडून बसताना दिसतो. यांपैकी प्रत्येक यंत्र वेळ वाचवण्याचे वचन देऊन उंबरठा ओलांडते. ही सारी वचने एकत्र बेरजेस धरली, तर गृहिणीला सकाळी नऊनंतर काही कामच उरता कामा नये. प्रत्यक्षात रात्री साडेदहाला ओटा पुसला जातो.

यंत्रांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पाट्यावर वाटण करणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारावे. परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे आणि डाळींपुढे हात टेकत, हे पाहून मुंबईत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांनी दमदार मोटार बसवलेला ‘सुमीत’ १९६३ साली बाजारात आणला. त्याने कष्ट हलके केले, यात शंकाच नाही. परंतु कष्ट वाचणे ही एक गोष्ट आणि वेळ वाचणे ही दुसरी. मिक्सर आल्यावर चटणी दोन मिनिटांत होऊ लागली; त्याबरोबर एका चटणीच्या जागी दोन चटण्या ताटात येऊ लागल्या.

अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात या कोड्याचा उलगडा केला. घरात नवे साधन येते तेव्हा काम वाचते हे खरे, पण ते कोणाचे, असा त्यांचा प्रश्न. चुलाणाच्या जागी स्टोव्ह आला तेव्हा लाकडे फोडण्याचे पुरुषांचे काम कमी झाले. रांधण्याचे स्त्रीचे काम होते तेथेच राहिले, किंबहुना पदार्थ वाढल्याने वाढले.

याचा पडताळा पाहण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. पूर्वी दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाणे हे घरातल्या मुलाचे काम असे. आता ओट्याशेजारी घरघंटी आली. मुलाची खेप वाचली. धान्य निवडणे, घालणे, जाळी बदलणे आणि उडालेले पीठ पुसणे, एवढे सगळे आईकडे आले. विजेचे बिल भरायला आजोबा जात. रांगेत समवयस्क भेटत, सरकारवर टीका होई, परतताना कोथिंबिरीची जुडी येई. आता बिल मोबाइलवर भरले जाते. आजोबांचा फेरफटका गेला, कोथिंबीरही गेली, आणि बिलाची शेवटची तारीख लक्षात ठेवण्याचे काम सूनबाईंच्या डोक्यात जाऊन बसले. गॅसची नोंदणी, शाळेचे निरोप, सोसायटीच्या सूचना हे सारे त्याच चौकोनातून येते. रांगा मोडल्या हे खरे, पण रांगेत उभा राहणारा माणूसही त्याबरोबर मोकळा सुटला.

धुलाईयंत्राची कथा निराळी नाही. पूर्वी दोन दिवस चालणारा सदरा आता संध्याकाळीच टोपलीत पडतो, कारण धुणारे यंत्र आहे ना! शिवाय यंत्र स्वयंचलित असले तरी नळ स्वयंचलित नसतो. पाणी येण्याच्या वेळेप्रमाणे यंत्र लावायचे आणि यंत्राच्या वेळेप्रमाणे आपण उठायचे, असा हा क्रम. कपडे वाळत घालणारे आणि घडी करणारे यंत्र अद्याप आमच्या इमारतीत पोहोचलेले नाही. पुरुषवर्गाच्या वाट्याला यंत्राची खरेदी आली आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर शिरला, तेव्हापासून त्याच्या बॅटरीत पाणी घालणे हेही पुरुषांचे काम ठरले आहे. ते दोन-तीन महिन्यांतून एकदा होते आणि त्याची वाच्यता आठवडाभर चालते.

मग नोकरी करणाऱ्या बायकांचा वेळ वाचवला कोणी? त्याचे उत्तर विजेच्या दुकानात सापडत नाही. ते डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रांत सापडते. पोळीपुढे यंत्रयुग अजून चाचपडतेच आहे. संध्याकाळची गाडी पकडून उतरलेली बाई घरी जाताना केंद्रातून मोजून पोळ्या घेते. तिचा वाचलेला तास म्हणजे तव्यासमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईचा तास असतो. तिसरी युक्ती लोकलच्या महिला डब्यात दिसते. तेथे मांडीवर पिशवी पसरून शेंगा सोलल्या जातात, मेथी निवडली जाते. रेल्वेने १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत रूळ आणले, तेव्हा आपण एक फिरते स्वयंपाकघर सुरू करत आहोत, अशी कल्पना त्या कंपनीला खासच नसावी.

आमच्या शास्त्राने या श्रमांकडे फार काळ काणाडोळा केला. आर्थर पिगू यांनी १९२० साली हा विसंगतपणा दाखवून दिला होता: एखाद्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले, की राष्ट्रीय उत्पन्न घटते, स्वयंपाक तोच, फक्त पगार बंद. वर्गात हे उदाहरण सांगितले की मुलगे हसतात आणि मुली एकमेकींकडे पाहतात.

हे हसणे आकड्यांपुढे थांबावे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीनुसार, आपल्या कुटुंबासाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. यातली गोम अशी की, ही सरासरी काम करणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष कामाला हातच लावत नाहीत, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. दोन आकड्यांतील अंतर २०१ मिनिटांचे. तेवढ्यात डोंबिवलीहून मुंबईला जाऊन परत येता येते.

तात्पर्य, वेळ यंत्र वाचवत नाही. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, हे घर ठरवते. पाटा-वरवंट्याच्या काळी निदान सवय आणि हातवळणाची सबब पुढे करता येत असे. बटणाला हातवळण लागत नाही. ते आजोबांना दाबता येते, दहावीतल्या मुलाला येते आणि घरच्या कर्त्या पुरुषालाही येते. तेव्हा पुढचे यंत्र घेण्यापूर्वी त्याची वीज, किंमत आणि हमीची वर्षे जरूर तपासावीत. त्याबरोबरच ते रोज लावणार कोण, पुसणार कोण आणि बिघडले तर दुरुस्तीवाल्याची वाट पाहत रजा कोण काढणार, एवढे तीन प्रश्न घरात मोठ्याने विचारावेत. तिन्ही उत्तरे एकाच व्यक्तीच्या नावाची आली, तर यंत्र खुशाल घ्यावे. मात्र त्याला वेळ वाचवणारे यंत्र म्हणू नये.