मांजर आहे, झाडंही हवीत? आधी अळूचं खानदान ओळखा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं दगा देतं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित अवतार.

एका श्रोतीची व्हॉइस नोट आली होती. "घरात मांजर आणलीये. मी सकाळी आठला निघते, रात्री नऊला येते. न मरणारी झाडं सांग ना." प्रश्न साधा आहे, पण गोची बघा. 'न मरणारी झाडं' असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, पीस लिली, कोरफड. आणि ही पाचही मांजरांना बाधतात.

का बाधतात, ते स्वयंपाकघरातून समजून घेऊ. अळूची भाजी नीट शिजली नाही, चिंच कमी पडली, की घसा खवखवतो. बरोबर? अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आता मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, डिफनबाखिया, झीझी, पीस लिली ही सगळी मंडळी अळूचीच भावकी. वनस्पतिशास्त्रात या कुळाला अॅरेसी म्हणतात. आपण अळू शिजवून खातो, मांजर मनी प्लांट कच्चाच चावते. मग लाळ गळते, ती तोंडावर पंजे मारत बसते, उलट्या होतात, खाणं सुटतं. बहुतेक मांजरं यातून बरी होतात, पण घसा सुजला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

कोरफड आणि स्नेक प्लांट या कुळातले नाहीत. त्यांच्यातली रसायनं वेगळी, पण उलट्या-जुलाब होतातच. "अरे, कोरफडीचा रस तर आम्ही रोज पितो" असं आमच्या घरीही ऐकवलं गेलंय. आपण पितो. मांजराचं यकृत आपल्यासारखं काम करत नाही. आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, यावरून काय ते समजा.

आता दोन झाडं, ज्यांच्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. पहिलं, खरी लिली. म्हणजे बुकेमध्ये येणारी ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली, आणि बागेतली डे लिली. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय, अंगावर सांडलेले परागकण चाटले तरी मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकते. मधे उलट्या थांबतात आणि आपल्याला वाटतं, बरी झाली. तसं नसतं. दुसरं, नर्सरीत सायकस किंवा सागो पाम म्हणून मिळणारं झाड. ते पाम नाहीच, आणि ते थेट यकृतावर घाला घालतं. बिया तर सगळ्यात वाईट.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. नाव म्हणजे डिस्प्ले नेम. त्यावर भरवसा ठेवायचा नाही. पीस लिली ही लिली नाही, सागो पाम हा पाम नाही. बॉटनिकल नाव हाच युनिक आयडी. नर्सरीवाल्या काकांना तो विचारा, नाहीतर रोपाचा फोटो काढून शोधा, आणि मग अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत तपासा. यादी फुकट आहे. आणि विषारी झाडं पाठ करत बसू नका, ती संपणार नाहीत. चालणारी पाच-सहा ठरवा आणि तेवढीच घरात आणा.

माझी पहिली पसंती स्पायडर प्लांट. पाणी विसरलात तरी जाड मुळांत साठा असतो, पिल्लं इतकी येतात की शेजाऱ्यांना वाटावी लागतात. मांजरांना त्याची लोंबणारी पानं फार आवडतात, म्हणून टांगलेलं बरं. खूप खाल्लं तर एखादी उलटी होईल, पण विषारी नाही. टेबलावर ठेवायला हॅवर्थिया: दिसायला छोटी कोरफड, पण मांजराला निर्धोक, आणि पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरतं. पोनीटेल पाम बुंध्यातच पाणी साठवतो, त्यामुळे तुम्ही दिवाळीला गावी जाऊन या खुशाल. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी अॅस्पिडिस्ट्रा, फक्त मिळायला जरा शोधावी लागते. पेपेरोमियाही चालतो. अरेका पाम सुरक्षित आहे, पण त्याला लोक बिनकटकटीचा म्हणतात ते मला पटत नाही. उजेड हवा, पाणी नियमित हवं, आणि बोअरचं क्षारवालं पाणी घातलं की टोकं तपकिरी पडतात.

"वर फडताळावर ठेवलं की झालं" हा सल्ला देणाऱ्याने मांजर पाळलेलं नसतं. त्यापेक्षा तिला तिचं खाणं द्या. घटस्थापनेला पेरतो तसे पसरट कुंडीत गहू पेरा, आठवडाभरात हिरवं गवत तयार. मोठ्या कुंड्यांच्या मातीवर मोठे गोटे पसरा, नाहीतर तिथे तिचं संडास होणार. हो, देवघराकडेही लक्ष असू द्या. माझ्या मांजरीचं नाव शेवंती आहे, आणि शेवंतीची फुलं मांजरांना चालत नाहीत, हा विनोद आमच्याकडे दर दसऱ्याला होतो. हार उंच टांगायचा, खोलीचं दार लावायचं.

आणि तरीही तिने काही चावलंच, तर तोंडातला तुकडा काढा, झाडाचा फोटो घ्या आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. लिली असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. अंगावर पराग असतील तर तिला चाटू न देता ओल्या फडक्याने पुसा, रिक्षा पकडा, आणि फुलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.